गाल बसलेत: आधी गोळी बदलायची की चेहरा भरून घ्यायचा?

गाल आत गेलेत, कानशिलापाशी खळगे पडलेत, हातापायांच्या शिरा दोरीसारख्या वर आल्यात, टणक खुर्चीवर बसलं की हाड टोचतं. एचआयव्हीच्या औषधांत झिडोव्हुडिन असेल किंवा पूर्वी स्टॅव्हुडिन घेतलं असेल, तर संशय आधी त्यांच्यावर घ्यायचा. ही औषधं चरबीच्या पेशींमधला मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा देणारा भागच निकामी करतात, म्हणून जास्त खाऊन गाल भरत नाहीत. (वजन आणि ताकदही उतरत असेल तर आधी क्षय, मधुमेह, थायरॉइड तपासून घ्या.)

गोळी बदलली की झीज थांबते, हा तिचा खरा फायदा. गेलेली चरबी मात्र फार हळू येते. मायटॉक्स अभ्यासात ही औषधं सोडून अबाकाव्हिर या एचआयव्हीच्याच दुसऱ्या औषधावर गेलेल्यांच्या हातापायांत 104 आठवड्यांत सरासरी 1.26 किलो चरबी वाढली. गालांवर एवढ्याने फरक फारसा जाणवत नाही. अबाकाव्हिरआधी एचएलए-बी 5701 ही रक्ततपासणी हवीच. ती पॉझिटिव्ह आली तर ते औषध कधीच घ्यायचं नाही. टेनोफोव्हिर हा दुसरा पर्याय, त्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघतात. हिपॅटायटिस बी असेल तर टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन ही एचआयव्हीची औषधं परस्पर काढू नयेत, यकृताचा आजार उसळतो. आणि कोणतीही गोळी स्वतःहून बंद करायची नाही.

फिलरने, म्हणजे त्वचेखाली टोचायच्या भरावाने चेहरा भरतो, झीज थांबत नाही. म्हणून आमचा क्रम पक्का आहे: आधी गोळी, मग सुई.

दोन्ही गाल खोल गेले असतील तर आम्ही पॉली-एल-लॅक्टिक ॲसिड या फिलरकडे झुकतो. 2004 मध्ये अमेरिकेत त्याला याच त्रासासाठी मान्यता मिळाली. ते स्वतः जागा भरत नाही, त्वचेखाली कोलॅजन (त्वचेला भरीवपणा देणारं प्रथिन) तयार करवतं. काही आठवड्यांच्या अंतराने 3 ते 6 वेळा टोचावं लागतं, परिणाम साधारण 2 वर्षं टिकतो. पहिल्या दिवशी गाल भरलेले दिसतात ते सुईतल्या पाण्याने. चार दिवसांत पुन्हा बसतात, तेव्हा घाबरू नका. 5 दिवस, रोज 5 वेळा, 5 मिनिटं मालिश करायची. मिश्रण घट्ट झालं किंवा सुई उथळ गेली की गाठी होतात. ओठांत आणि डोळ्यांभोवती तर टोचूच देऊ नका.

कॅल्शियम हायड्रॉक्सिलॲपेटाइट या दुसऱ्या फिलरचा परिणाम त्याच दिवशी दिसतो आणि वर्ष-दीड वर्ष राहतो. ते सीटी स्कॅनमध्ये दिसतं, तेव्हा तपासणीआधी सांगा. हायलुरॉनिक ॲसिड हा तिसरा फिलर त्याहून लवकर विरतो आणि खोल खळग्याला बऱ्याच सिरिंज लागतात. पण बिघडलं तर हायलुरॉनिडेज टोचून ते विरघळवता येतं. मनात धाकधूक असेल तर सुरुवात याने करा.

कोणताही फिलर रक्तवाहिनीत गेला तर त्वचा पांढरी पडते, जबर दुखतं, नजर अंधुक होते. हे दिसलं की त्याच क्षणी डॉक्टरांना सांगा.

सिलिकॉनसारखे कायमचे फिलर नकोच. वर्षांनंतरही गाठी होतात, पू धरतो. स्वतःची चरबी काढून भरायची, तर काढायला ती उरलेली असावी लागते. मानेमागच्या कुबडातली वापरली तर ती पुढे गालातही वाढू शकते. पायोग्लिटाझोन या मधुमेहाच्या गोळीने हातापायांत फार तर काहीशे ग्रॅम चरबी येते, त्यासाठी सूज आणि हाडांचा ठिसूळपणा पत्करावा असं आम्हाला वाटत नाही. वजनं उचलून दंड-मांड्या भरतात, गाल नाही.

गोळी बदलाल त्या दिवशी एकाच उजेडात समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. 6 महिन्यांनी त्याच जागी उभं राहून पुन्हा काढा आणि फिलर किती लागेल ते त्यावरून ठरवा.