पुण्यातला स्कुबा कोर्स: शिकवणं उत्तम, पण जहाजाची ती स्लाईड बदला

पुण्यात राहून स्कुबा डायव्हिंगचं पूर्ण सर्टिफिकेट मिळवता येतं. थिअरी पुण्यात, सराव कोथरूडच्या पोहण्याच्या तलावात आणि शेवटच्या चार बुड्या तारकर्लीजवळच्या समुद्रात. मी आणि माझी मुलगी, दोघांनी हा कोर्स गेल्या हंगामात केला. कंपनीचं नाव देत नाही, कारण खाली जी तक्रार आहे ती त्यांच्या एकट्याबद्दल नाही. पुण्यातून कोकणात डायव्हिंगला माणसं नेणाऱ्या इतरांच्या जाहिरातींतही तीच भाषा दिसते.

आधी सरळ माहिती. माणशी 29,000 रुपये घेतले. त्यात पुस्तक, तलाव, भाड्याची सगळी उपकरणं, होडी आणि सर्टिफिकेटची फी आली. मालवणचा प्रवास, राहणं आणि जेवण ज्याचं त्यानं बघायचं. पावसाळ्यात तिकडे डायव्हिंग बंद असतं, म्हणून थिअरी आणि तलाव त्या दिवसांत उरकून घेतात आणि समुद्र नोव्हेंबरनंतर लावतात. हे नियोजन मला आवडलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी त्यातल्या त्यात निवळ असतं, आणि मधल्या काळात पुस्तक नीट वाचून होतं. सुरुवातीलाच तब्येतीचा फॉर्म भरून घेतात. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे, तर डॉक्टरांची सही आणल्याशिवाय तलावाच्या पायरीलाही पाय लावू दिला नाही. असंच पाहिजे.

तलावातलं शिकवणं पहिल्या दर्जाचं. मास्कमध्ये पाणी भरू द्यायचं, मान थोडी वर करायची, वरची कड बोटांनी दाबून धरायची आणि नाकाने सावकाश श्वास सोडून पाणी खालून बाहेर काढायचं, हा या कोर्सचा सगळ्यात अवघड धडा. नाकाला पाणी लागलं की माणूस घाबरून वर पळतो. आमच्या बॅचमध्ये बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई होत्या, त्यांना हे काही केल्या जमेना. शिकवणारा मुलगा पंचविशीतला असेल. त्याने बाकीच्यांना सहायकाकडे दिलं, त्या बाईंना कमरेएवढ्या पाण्यात उभं केलं आणि नुसता चेहरा बुडवून, मास्कशिवाय नळीतून श्वास घ्यायला लावला. घाई नाही, आवाज चढवणं नाही. त्या बाई पुढे समुद्रात आमच्या आधी उतरल्या.

उपकरणं मी जरा बारकाईने बघितली. माझा धंदाच तसा आहे, भोसरीत लोखंडी कामावरच्या रंगाची तपासणी करतो. सिलिंडरच्या खांद्यावर दाब-चाचणीची तारीख ठोकलेली होती आणि ती मुदतीत होती. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं उपकरण, प्रत्येक वेळी गोड्या पाण्यात बुडवून धुतले जायचे. वेटसूट मात्र जुने, माझा गुडघ्यावर फाटलेला.

आता मुद्द्याचं. थिअरीच्या शेवटच्या सत्रात पुढे काय काय करता येईल, हे दाखवतात. त्यात एक स्लाईड होती, सिंधुदुर्गातल्या निवतीजवळच्या जहाजाची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आयएनएस गुलदार ही नौदलाची रणगाडे आणि सैनिक किनाऱ्यावर उतरवणारी युद्धनौका, सुमारे 84 मीटर लांबीची. पोलंडमधल्या गडिनियात 1985 मध्ये ती नौदलात आली आणि जानेवारी 2024 मध्ये निवृत्त झाली. निवतीच्या खडकाजवळ ती बुडवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम रीफ (मासे आणि प्रवाळ यांना थारा देणारा बनावट खडक) करायचा प्रकल्प महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने हाती घेतला. केंद्राने सुमारे 47 कोटी मंजूर केले. फेब्रुवारी 2025 मध्ये कारवारला नौदलाने जहाज महामंडळाच्या ताब्यात दिलं.

स्लाईडवर लिहिलं होतं की अशा प्रकल्पाने मासे वाढतात, प्रवाळ वाढतं, पर्यटन वाढतं, आणि खाली शेवटची ओळ: स्थानिक मच्छीमारांचा विरोध गैरसमजातून होतो. शिकवणारा म्हणाला, "सर, त्यांना फायदा समजावून सांगायला हवा फक्त." वर हेही म्हणाला की कोर्स झाला की जहाजाच्या आत जाऊन बघता येईल.

दुसरी गोष्ट आधी संपवतो, कारण ती जिवाशी खेळ आहे. या कोर्सने 18 मीटरपर्यंत जायची परवानगी मिळते आणि ती मोकळ्या पाण्यात. बुडालेल्या जहाजाच्या आत शिरायचं शिक्षण वेगळं असतं. आत वर जायला वाट नसते, पायातल्या पंखांच्या एका फटक्याने गाळ उठतो आणि दार कुठे होतं ते दिसेनासं होतं. त्यांचंच पुस्तक हे सांगतं. इतक्या काळजीने मास्क शिकवणाऱ्या माणसाने विक्रीच्या भरात असं बोलायला नको होतं. मी वर्गातच ते म्हणालो.

आता त्या शेवटच्या ओळीकडे येतो. माझी सासुरवाड निवतीच्या बाजूची. मेव्हणा रापणीचा भागीदार आहे. रापण म्हणजे होडीने अर्धगोल टाकलेलं लांबच लांब जाळं दोन्ही टोकांनी किनाऱ्यावरून ओढायचं, सगळ्या वाडीने मिळून. मासा किनाऱ्याकडे आला तरच रापणीला काही मिळतं. त्याला मी फोनवर ही स्लाईड वाचून दाखवली. तो म्हणाला, "भावजी, जाळा अडाकला तर भरपाई कोण देतलो? आणि आमका कोणी इचारलां?"

यात गैरसमज कुठे आहे? दोन्ही प्रश्न हिशेबाचे आहेत. त्याचा तिसरा प्रश्न तर मत्स्यशास्त्रज्ञही एकमेकांना विचारत आलेत: खाली काही बुडवल्यावर दिसणारा मासा तिथे नव्याने वाढतो की आजूबाजूचा तिथे गोळा होतो? जागा आणि माशाच्या जातीप्रमाणे याचं उत्तर बदलतं. मासा नुसता गोळाच होणार असेल तर किनाऱ्याकडे येणारा माल जहाजाभोवती थांबला, असा त्याचा सरळ अर्थ. मग तिथे मासेमारी बंद केली तर रापणकराच्या हाती काही नाही, आणि बंद नाही केली तर रात्री एलईडीच्या दिव्यांनी मासा ओढणाऱ्या मोठ्या बोटी येतील हे किनाऱ्यावरच्या पोरालाही ठाऊक आहे.

मच्छीमार अशा रीफच्या विरोधातच असतो, हेही खरं नाही. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था तमिळनाडूत आणि केरळात सिमेंटचे त्रिकोणी सांगाडे कित्येक वर्षं समुद्रात सोडते आहे. तिथे गावं बरोबर असतात, कारण त्या सांगाड्यांत ट्रॉलरचं ओढीचं जाळं अडकतं, म्हणून ट्रॉलर लांब राहतात आणि छोट्या होडीवाल्याला गळाने मासा मिळतो. तिरुवनंतपुरमच्या बाजूला तर कोळ्यांनी स्वतःच दगड आणि झाडोरा टाकून अशा जागा केल्यात. रीफ कुणासाठी आणि कुठे, यावर सगळं ठरतं. सिंधुदुर्गात न विचारता ठरवण्याचा इतिहासही आहे. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झालं आणि तिथल्या मच्छीमारांनी त्याला सतत विरोध केला. प्रवाळ वाचायलाच हवं, मीही तेच म्हणेन. पण घोषणेनंतर सांगितलेली गोष्ट आणि आधी विचारलेली गोष्ट यांत फरक असतो, आणि तो पुढे तीस-चाळीस वर्षं पुरतो.

रंगाबद्दल माझा स्वतःचा प्रश्न आहे. जुन्या जहाजावर रंगाचा एक थर नसतो. दर दुरुस्तीला वरून नवा मारलेला असतो. चिपिंग हातोडीने ठोकलं की बोटभर रुंदीचा पापुद्रा निघतो आणि त्याच्या कडेला राखाडी, पांढरा, पुन्हा राखाडी असे पट्टे दिसतात. अगदी तळाशी, पत्र्याला चिकटून, जुन्या कामात कधी कधी नारिंगी-लाल थर सापडतो. तो शिशाचा प्राइमर. पाण्याखालच्या भागावर शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून वेगळा विषारी रंग असतो. त्यातला कथिलाच्या संयुगाचा प्रकार इतका घातक निघाला की 2008 पासून आंतरराष्ट्रीय कराराने त्यावर बंदी आहे. याशिवाय केबलची आवरणं, पाइपांवरचं लॅगिंग (उष्णता अडवणारं वेष्टण), टाक्यांच्या तळाचं तेल. गुलदारवर यातलं काय आहे नि काय नाही, असा आरोप मी करत नाही. माझं म्हणणं एवढंच की साध्या कारखान्याच्या शेडलाही आम्ही रंगाचा अहवाल देतो, जागोजागी जाडी मोजून, सही करून. ज्या पाण्यातला मासा लोक खाणार, तिथे बुडवायच्या जहाजाचा असा अहवाल मराठीत, निवतीच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लागायला हवा.

असं मागणं म्हणजे विकासाला खीळ, असं कुणाला वाटत असेल तर ऑस्ट्रेलियाचं उदाहरण बघा. न्यू साउथ वेल्समध्ये अवोका बीच आहे. तिथे एचएमएएस ॲडलेड ही 138 मीटरची युद्धनौका डायव्हिंगसाठी बुडवायचं मार्च 2010 मध्ये ठरलं होतं. रहिवाशांनी 'नो शिप ॲक्शन ग्रुप' काढला. किनाऱ्याची वाळू आणि लाटा बदलतील का, शार्क येतील का, शिशाचा रंग उरलाय का, असे त्यांचे प्रश्न. सरकारी उत्तर होतं की जहाज साफ केलेलं आहे. रहिवासी न्यायाधिकरणात गेले आणि ऐनवेळी स्थगिती आली. सप्टेंबरमध्ये निकाल लागला: बुडवा, पण आधी उरलेलं कापड आणि इन्सुलेशन, सुटत चाललेला शिशाचा रंग आणि घातक रसायनं असू शकतील अशी वायरिंग काढा. म्हणजे साफ केलंय म्हणून सांगितलेल्या जहाजात काढण्यासारखं शिल्लक होतं. 13 एप्रिल 2011 ला जहाज बुडवलं. आज तिथे डायव्हिंग चालतं. विरोध करणाऱ्यांना जहाज थांबवता आलं नाही, पण ते आधीपेक्षा स्वच्छ होऊन खाली गेलं.

कुणीच नीट विचारलं नाही तर काय होतं, तेही जगाने बघितलंय. फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलजवळ 1972 मध्ये जुन्या टायरांचा रीफ केला, सुमारे वीस लाख टायर. त्यांना बांधणाऱ्या क्लिपा गंजल्या, नायलॉनच्या दोऱ्या तुटल्या आणि सुटे टायर वादळात घरंगळत शेजारच्या खऱ्या प्रवाळावर आपटत राहिले. मग लष्कराचे पाणबुडे लावून ते वर काढायची वेळ आली. गंज काय करतो हे मी रोज बघतो, म्हणून मला त्या क्लिपांचं नवल वाटत नाही.

समुद्रातल्या बुड्यांबद्दल थोडक्यात. त्या छान झाल्या. होडी आणि तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, तिथलेच होते. नांगर टाकण्याआधी तांडेलाने किल्ल्याचा बुरुज आणि मागच्या डोंगराची खिंड एका रेषेत येईपर्यंत होडी हळूहळू सरकवली, मग म्हणाला, इथे खाली वाळू आहे, बाजूला खडक. उतरल्यावर बघितलं तर नांगर बरोबर वाळूत होता आणि दोन हातांवर प्रवाळ सुरू होत होतं. आमच्या शिकवणाऱ्याकडे जीपीएस होतं, पण त्याने ते काढलंही नाही, इतका त्याचा तांडेलावर विश्वास. त्याच खडकाच्या कपारीत तुटक्या जाळ्याचा एक तुकडा अडकला होता आणि आत एक मेलेला खेकडा. असं सुटलेलं जाळं वर्षानुवर्षं जीव मारत राहतं. जहाजाच्या कठड्यांत, शिड्यांत अशी किती जाळी अडकतील आणि ती काढायला कोण उतरेल, हे माझ्या मेव्हण्याला सुचतं आणि स्लाईडवाल्यांना सुचत नाही.

म्हणून कंपनीला माझं मनापासून सांगणं आहे. तुमच्याकडे दर बॅचला पुण्यातली शिकलेली, पैसे खर्च करणारी माणसं येतात. जहाजाबद्दल बोलायचं असेल तर तासभर त्या तांडेलालाच बोलायला बसवा आणि त्याला त्याचे पैसे द्या. जाळ्याच्या बोयऱ्यापासून (तरंगत्या खुणेपासून) किती लांब राहायचं, रापण चालू असताना होडी कुठून न्यायची, हे पुस्तकात नाही. ते तो सांगेल. आणि गैरसमजाची ती ओळ काढून टाका. 

पैसे भरणाऱ्यांसाठी: कोर्स घ्या. सुरक्षिततेला आणि शिकवण्याला पाचपैकी साडेचार. वेटसूटला तीन, स्वतःच्या मापाचा आधी घालून बघा आणि नावाने बाजूला ठेवायला सांगा. समुद्राची आणि तिथल्या माणसांची माहिती, दोन. एकूण साडेतीन. मी हे सगळं त्यांना लेखी कळवलंय, स्लाईड बदलल्याचं कळलं की इथला आकडा वाढवतो. तलावाच्या बॅचसाठी सकाळची साडेसहाची वेळ मागा, आठनंतर मुलांचे वर्ग सुरू होतात आणि खोल बाजू मिळत नाही.