गच्चीचं पाणी: बोअरमध्ये, शोषखड्ड्यात की टाकीत?

पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे ५०० चौरस मीटरच्या गच्चीवर साडेतीन लाख लिटर पाणी. कित्येक जुन्या सोसायट्यांत ते पाइपाने उतरतं आणि थेट ड्रेनेजच्या, म्हणजे मैलावाहिनीच्या, चेंबरमध्ये जातं. आधी ते बंद करा. मैलावाहिन्या पावसाच्या हिशोबाने टाकलेल्या नसतात. जोराची सर आली की त्या तुंबतात, चेंबरची झाकणं उचलली जातात, आणि मैलापाणी रस्त्यावरून ओढ्यात, तिथून मुठा नदीत जातं. पुढचा कुठलाही पर्याय निवडलात तरी हे काम टळत नाही.

टाकी लोकांना लगेच पटते, कारण साठलेलं पाणी डोळ्यांना दिसतं. पण २० मिलिमीटरच्या एका सरीत हीच ५०० चौरस मीटरची गच्ची १०,००० लिटर देते. दहा हजारांची टाकी तेवढ्यात भरली, पुढचं सगळं वाहून जाणार. बागेला किंवा फ्लशला रोज उपसणार असाल तर जरूर घ्या. उन्हाळ्यासाठी साठा म्हणून घेऊ नका.

बोअर पुनर्भरणाचा, म्हणजे गच्चीचं पाणी बोअरमधून जमिनीखाली सोडण्याचा, मोह मोठा, विशेषतः जिथे एप्रिलमध्ये टँकर मागवावे लागतात तिथे. बोअरभोवती दोन-तीन मीटर खोल खड्डा घेतात, केसिंगला (बोअरमधल्या बाहेरच्या पाइपाला) भोकं पाडून जाळी गुंडाळतात, खाली मोठे दगड, मग खडी, वर वाळू. पाणी गाळून थेट खोल जातं. धोकाही त्यातच आहे. वरून मुरणारं पाणी मातीतून जाताना बरंच स्वच्छ होतं. इथे ती पायरीच वगळलेली असते. कबुतरांची घाण, वॉटरप्रूफिंगचे कण, गच्ची धुतलेला साबण एकदा खडकाच्या भेगांत गेला की बाहेर काढता येत नाही, आणि त्याच भेगांवर शेजारच्या सोसायटीचा बोअरही असू शकतो. म्हणून पहिल्या सरींचं पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह हवाच, आणि दर मे महिन्यात वाळू काढून धुणारा माणूसही. तो नेमता येत नसेल तर या वाटेला जाऊ नका. आणखी एक: आपल्याकडच्या काळ्या पाषाणात प्रत्येक बोअर पाणी घेतोच असं नाही. आधी टँकरभर स्वच्छ पाणी ओतून पाहा.

शोषखड्डा मला बहुतेक सोसायट्यांसाठी बरा वाटतो. पाणी मुरुमातून सावकाश झिरपतं, खर्च कमी, आणि देखभालीत थोडी हयगय झाली तरी नुकसान मर्यादित राहतं. पण जागा पाहून करा. हातभर खड्डा खणून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर तिथे काळी माती किंवा सलग खडक आहे, जागा बदला. इमारतीच्या पायापासून आणि कंपाउंडच्या भिंतीपासून तीन-चार मीटर लांब ठेवा. खड्डा भरला की जादा पाणी पावसाळी गटारात जाईल अशी वाट ठेवा, ड्रेनेजमध्ये नाही. २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याला पूर आला तसल्या रात्री खड्डे भरून वाहतात. त्यांचा खरा उपयोग एरवीच्या सरींना.

पार्किंगचं पाणी मात्र यांतल्या कशातच सोडू नका. त्यात ऑइल असतं, ब्रेकची धूळ असते, गाड्या धुतलेला साबण असतो. पावसाळी गटाराच्या पुढे शुद्धीकरण केंद्र नसतं, त्यामुळे जाळीतून गेलेलं सगळं जसंच्या तसं नदीला मिळतं. गाड्या बादली-फडक्याने पुसायला सांगा, आणि पार्किंगचा उतार जमेल तिथे गवताच्या पट्ट्याकडे काढा. पेव्हर ब्लॉक बसवायचे असतील तर खाली काँक्रीट नको, खडी आणि वाळू घाला.

पावसाचं पाणी साठवण्या-मुरवण्यासाठीची मिळकतकरातली सवलत तिन्ही पर्यायांना लागू होऊ शकते, तेव्हा निवड तिच्यावरून करू नका. ठेकेदाराकडून कोटेशन घेताना दोन गोष्टी लेखी मागा: जादा पाणी कुठल्या पाइपाने कुठे जाणार, आणि गाळणी साफ करायला झाकण कुठून उघडणार.