बंब घेताय? चुंबक पोटाला नाही, नळकांड्यात लावा

बिलावर एकच ओळ होती : ‘तांब्याचा बंब, २५ लिटर, वजन ७ किलो २०० ग्रॅम.’ पूर्ण वजनाला तांब्याचा दर लावलेला. एका हिवाळ्यातच राखेच्या डब्यात पाणी ठिबकायला लागलं, राखेचा चिखल व्हायला लागला, म्हणून पुण्यातल्या एका गिऱ्हाइकाचा हा पाणी तापवायचा बंब सुटा करावा लागला. तेव्हा वजनाची फोड अशी निघाली : तांब्याचा पत्रा २ किलो ६०० ग्रॅम, लोखंडी नळकांडं १ किलो २०० ग्रॅम, आणि बिडाची जाळी, पट्टीची तिवई, राखेचा डबा, पितळी तोटी मिळून ३ किलो ४०० ग्रॅम. काटा बरोबर होता, बेरीजही बरोबर होती. फक्त बिडालाही तांब्याचा भाव लागला होता.

ही युक्ती सर्रास चालते आणि ती चालते याचं कारण नळकांडं. बंबाच्या मधोमध उभी असते ती नळी. वरून तिच्यात ढलप्या किंवा कोळसा टाकायचा, खाली जाळी, जाळीखाली राख आणि हवा यायचं दार. भोवतीच्या पाण्याला सगळी ऊब या नळीतून मिळते. विकत घेताना मात्र ती कुणी पाहत नाही. विक्रेता स्वतःच खिशातून चुंबक काढून देतो, ‘काका, लावून बघा, चिकटलं तर पैसे परत.’ काका ते पोटाला लावतात. पोट खरंच तांब्याचं असतं.

म्हणून छोट्या चुंबकाला दोरा बांधायचा आणि तो नळकांड्यात वरून सोडायचा. वर, मध्यावर आणि जाळीच्या जरा वर, अशा तीन ठिकाणी भिंतीला टेकवायचा. कुठंही ओढ लागली तर आत लोखंड आहे. त्यावर ‘लोखंड जास्त टिकतं, तांबं जळून जातं’ असं उत्तर तयार असतं. ते धादांत खोटं आहे. तांबं वितळायला १०८५ अंश लागतात, आणि पाठीमागे पाणी असेल तोवर पत्रा त्याच्या जवळपासही जात नाही. उलट तांबं आणि लोखंड एकमेकांना चिकटून पाण्यात राहिले की लोखंड झपाट्याने गंजतं, तेही नेमकं जोडावर, तळाशी. बोअर किंवा टँकरचं क्षारांचं पाणी असेल तर आणखी लवकर. वरच्या बंबाचं तेच झालं होतं : बाहेरून लखलखीत आणि तळाच्या जोडाशी लोखंडाची चाळण.

चुंबकावरच भिस्त मात्र ठेवू नका. हल्ली स्टेनलेस स्टीलवर तांब्याचा मुलामा देतात, आणि भांड्यांच्या स्टीलला चुंबक बहुधा चिकटतच नाही. त्यासाठी बारीक कानस. झाकणाच्या आतल्या कडेवर आणि नळकांड्याच्या वरच्या काठावर एकेक घासा मारायचा. खालून पांढरा चकाकता धातू दिसला तर मुलामा. आतपर्यंत लालसर राहिला तर तांबं. खरा कारागीर याला हरकत घेत नाही, उलट कुठं घासायचं ते स्वतःच दाखवतो. हरकत घेणाऱ्याकडे आणखी वेळ घालवू नये. आणि हो, कसबा पेठेतल्या तांबट आळीचं नाव फोटोखाली लिहिलं म्हणून माल तिथला ठरत नाही. मठारकामाचे म्हणजे हाताने हातोडीच्या घडणीचे ठोकेही आता पत्र्यावर यंत्राने उठवतात. सगळे ठोके एकाच मापाचे, एकाच ओळीत असले तर संशय घ्यावा.

आता वजन. २८ सेंटिमीटर व्यास, ४० सेंटिमीटर उंची आणि आत १० सेंटिमीटरचं, वर थोडं निघालेलं नळकांडं, अशा बंबाला साधारण ०.६५ चौरस मीटर पत्रा लागतो. २० गेजच्या म्हणजे ०.९१ मिलिमीटर पत्र्यात त्याचं तांबं सव्वापाच किलोच्या आसपास भरतं, २२ गेजमध्ये चार किलोच्या थोडं वर, २४ गेजमध्ये सव्वातीन. हे जाळी, तिवई, तोटी, डबा बाजूला काढून. तेव्हा वजन करताना जाळी आणि डबा काढायला लावायचे, तिवई सुटी करायची आणि मगच काट्यावर ठेवायचं. तोटी निघत नसेल तर तिच्या वजनाची घट धरायची. जाडी मायक्रोमीटरने पाहायची असेल तर नळकांड्याच्या काठावर पाहा. झाकणाची किंवा तोंडाची कड दुमडलेली असते, तिथं बारीक पत्राही दुप्पट जाड भरतो, आणि विक्रेता तुमचा हात नेमका तिथंच नेतो.

लिटरचा घोळ याहून सोपा. वरच्या मापाच्या बंबाचं बाहेरून गणित केलं तर साडेचोवीस लिटर येतं, म्हणून लेबलवर २५. त्यातले तीन लिटर नळकांडं खातं. वर उकळीला जागा सोडावी लागते. हातात येतं १८-१९ लिटर. एक लिटरच्या मापाने दुकानातच पाणी भरून पाहा. तोटी तळापासून तीन-चार सेंटिमीटर वर असेल आणि शेवटचे दोन लिटर निघत नसतील, तर ती मात्र फसवणूक नाही, शहाणपण आहे : बंब पूर्ण कोरडा पडू नये म्हणून ती वर असते. तळाला टेकलेली तोटी दाखवून ‘थेंब न थेंब मिळतो’ म्हणणाऱ्याला बंबातलं कळत नाही, किंवा कळूनही तो विकतोय.

कोरडं पडण्याची भीती जोडांमुळे. नळकांड्याचा तळाचा जोड पितळी झाळेचा हवा. तिची रेघ पिवळसर दिसते आणि खिळ्याने सहज ओरखडत नाही. राखाडी, मऊ, खिळ्याने खरवडली जाणारी रेघ म्हणजे शिसं-कथलाचं सोल्डर. ते १८३ अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं. पाणी आहे तोवर निभतं. एकदा रिकाम्या बंबात विस्तव राहिला की जोड सुटला. जुन्या बाजारातून बुधवारी-रविवारी उचललेल्या बंबांत तर याच जागी एम-सील थापून वर काळा रंग मारलेला सापडतो. रात्रभर पाणी भरून ठेवून हे कळत नाही, कारण थंड पाण्याने ते गळत नाही. विस्तव घालून एकदा उकळी आणल्याशिवाय जुना बंब घेऊ नये.

सगळ्यांत मोठं नुकसान मात्र नव्यात नाही, मोडीत होतं. आजीच्या वेळचा, काळा पडलेला, पोचे आलेला बंब ‘मोडीत द्या, नवा घ्या’ म्हणून नेतात. जुने बंब बहुतेक जाड पत्र्याचे. त्यावर ‘काजळी, झाळ, क्षार’ म्हणून २०-३० टक्के घट लावतात आणि बदल्यात २४ गेजचा चकचकीत बंब देतात. एवढी घट सहसा नसते. लिंबूफूल म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिटरला ५० ग्रॅम, कोमट पाण्यात घालून रात्रभर भरून ठेवलं तर आतला बराचसा क्षार उतरतो. नळकांड्यातली काजळी तारेच्या ब्रशने निघते. हे घरी करून मग वजन करा. खरं तर बहुतेक जुन्या बंबांना नवं नळकांडं बसवलं की पुढची कित्येक वर्षं चिंता नसते. दुरुस्तीला देताना आधी वजन लिहून सही घ्यायची आणि नळकांड्याच्या काठावर छिन्नीने खूण करायची. नाहीतर तांब्याचं नळकांडं जातं आणि लोखंडाचं येतं.

‘आयबीआर प्रमाणित’ म्हणजे सरकारी बॉयलर नियमांप्रमाणे पास, हे लेबल पाहून दबू नका. झाकण सैल आणि तोंड उघडं असलेल्या बंबात दाब तयार होत नाही, त्याला बॉयलर कायद्याचं प्रमाणपत्र लागतच नाही. याउलट जो बंब घट्ट झाकणाचा, आत-बाहेर दोन्हीकडे कॉक असलेला आणि नळाला जोडून देतो म्हणतात, तो कुठल्याही लेबलसकट नाकारायचा. पाण्याची वाफ झाली की जागा सोळाशे पटीच्या वर लागते. दोन्ही कॉक बंद राहिले तर ती जागा ती स्वतः करून घेते.

आणि ‘धूर नाही, बाथरूममध्ये ठेवा’ हे वाक्य ऐकलं की तिथूनच परत फिरा. लोणारी कोळशाला धूर नसतो हे खरं, पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा जीवघेणा वायू निघतो, त्याला ना रंग ना वास. फ्लॅटच्या बाथरूममध्ये एवढीशी खिडकी असते. बंब गच्चीत, अंगणात किंवा उघड्या गॅलरीत, आणि पाणी बादलीने आत.

जळणात थोडक्यात. ‘मूठभर पेलेटमध्ये (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्यांत) ४० लिटर उकळतं’ असा दावा करतात. ४० लिटर पाणी नुसतं ४० अंशांनी तापवायला १६०० किलोकॅलरी लागतात. चांगल्या पेलेटमध्ये किलोला ४००० च्या आसपास असतात. म्हणजे एकही कण वाया न घालवता ४०० ग्रॅम, आणि बंबाच्या जेमतेम निम्म्या कार्यक्षमतेने ८०० ग्रॅम ते एक किलो. शिवाय ६-८ मिलिमीटरचे पेलेट साध्या बंबाच्या जाळीतून सरळ राखेत पडतात. त्यांना बारीक जाळी आणि पंखा लागतो, हे कुणी आधी सांगत नाही. पोतं घेण्याआधी १०० ग्रॅम जाळून राख तोला. लाकडाच्या पेलेटची दोन-तीन ग्रॅमच्या वर जाऊ नये; पंधरा-वीस झाली तर भाताचं तूस किंवा माती. वखारीतलं ओलं लाकूड हा तर जुनाच धंदा, निम्मं पाणी लाकडाच्या भावात.

बिलावर चार गोष्टी वेगवेगळ्या लिहून घ्या : तांब्याचं निव्वळ वजन, गेज, नळकांड्याचा धातू, जोडाचा प्रकार. ‘तांब्याचा बंब’ एवढ्यावर पुढे भांडता येत नाही. वजनाबद्दल वैधमापन शास्त्र विभागाकडे तक्रार करता येते, मालाबद्दल १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर; जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते. फोटो पाहून आगाऊ पैसे पाठवले आणि माणूस गायब झाला, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच, त्याच तासात. तक्रार नोंदवेपर्यंत बंब दुसऱ्या कारागिराकडून सुटा करून घेऊ नका; नळकांडं एकदा बाहेर आलं की विक्रेता ‘हे आमचं नाहीच’ म्हणायला मोकळा.