पूड मिळते, पण खरा माल पाण्यात राहतो: लघवीतून स्ट्रुव्हाइट काढायचा ५० लिटरचा संच

बिनपाण्याच्या मुतारीतली लघवी साठवायची, मॅग्नेशियम घालून ढवळायची आणि तयार झालेलं पांढरं खत, म्हणजे स्ट्रुव्हाइट (मॅग्नेशियम, लघवीतला फॉस्फरस आणि थोडं नत्र मिळून झालेली पूड), गाळून घ्यायचं. संचाचं काम एवढंच. शंकूच्या बुडाची टाकी, हाताने फिरवायचा दांडा, खाली कॉक आणि टांगायची नायलॉनची पिशवी. तालीम, वसतिगृह, मंगल कार्यालय अशा ठिकाणांसाठी आकार बरोबर आहे.

टाकी आणि पिशवी चांगली. कॉक मात्र पितळी दिलाय, आणि ही चूक अक्षम्य आहे. अमोनिया पितळ खातो: आधी निळसर-हिरवे डाग, मग चिरा. कोल्हापूरच्या उद्यमनगरातून स्टीलचा किंवा पीव्हीसीचा बॉल व्हॉल्व्ह आणून पहिल्याच दिवशी बदला.

माहितीपत्रकात मॅग्नेशियमचं प्रमाण 'एक माप' असं लिहिलंय. असं चालत नाही. लघवीत लिटरला २५० मिलिग्रॅम फॉस्फरस असेल, तर ५० लिटरला उसासाठी मिळतं ते मॅग्नेशियम सल्फेट १२० ग्रॅम लागतं. मुतारीत कुणी बादलीभर पाणी ओतलं की फॉस्फरस पातळ होतो, शिवाय जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे त्यातला काही पाइपातच चिकटून बसतो. म्हणून फॉस्फेट तपासायच्या पट्ट्या संचात हव्या होत्या. नाहीत.

ताज्या लघवीचा सामू (पीएच) ६च्या आसपास असतो. तेव्हा कितीही मॅग्नेशियम घाला, पूड बसत नाही. बंद कॅनमध्ये युरियाचा अमोनिया होऊन सामू ९ झाला की मगच घ्या. जुन्या कॅनमधली एक-दोन लिटर विरजणासारखी घातली की हे लवकर होतं. ढवळणं दहा मिनिटं, तेही सावकाश. जोर लावला तर खडे फुटतात आणि बारीक पूड पिशवीतून निघून जाते. पूड सावलीत वाळवा. तापलेल्या पत्र्यावर टाकली तर तिच्यातला अमोनिया उडतो.

सगळं नीट जमलं तर एका घाण्याला ९० ग्रॅमच्या आत-बाहेर पूड. डीएपी खताच्या एका पोत्याइतका फॉस्फरस जमवायला असे जवळपास ९०० घाणे लागतील! राधानगरी, गगनबावड्याच्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीत ही पूड बरी विरघळते, काळ्या रानात हळू.

विक्रेता पूड दाखवतो, उरलेल्या पाण्याबद्दल गप्प असतो. ५० लिटरमधल्या २०० ग्रॅमहून जास्त नत्रापैकी पुडीत जेमतेम ५ ग्रॅम येतं. बाकीचं नत्र, सगळं पालाश आणि मीठ त्या पाण्यातच. म्हणजे अर्ध्या किलोच्या आसपास युरियाइतकं नत्र गटारात, आणि तिथून पंचगंगेत. पाण्यातला अमोनिया हवेने उडवून आम्लात पकडायला जादा पैसे घेऊन हवेचा पंप आणि आम्लाची बाटली देतात. २०० ग्रॅम नत्र पकडायला बॅटरीचं अॅसिड पावणेदोन लिटर लागतं; बाटली आहे एक लिटरची. फेस वर चढून नळीत शिरतो तो वेगळाच. शिवाय अमोनिया काढला तरी मीठ पाण्यातच राहतं.

त्यापेक्षा या उरलेल्या पाण्यात दहापट साधं पाणी मिसळून ते सरीत ओतावं, लगेच माती ओढावी. पानावर नको. शिरोळच्या क्षारपड रानात तर अजिबात नको. पावसाळ्यात मात्र रान ओलंच असतं, ओतायला वाफसाच मिळत नाही, तेव्हा तेवढे महिने भरलेले कॅन ठेवायची जागा आधी मोजा आणि मगच ऑर्डर द्या.