मुलांसाठीच्या जाहिराती: क्वेबेकचा कायदा की चिलीचा?

कॅनडाच्या क्वेबेक प्रांताने 1980 पासून 13 वर्षांखालील मुलांना उद्देशून केलेली जाहिरातच बंद केली. मग ती बर्गरची असो वा खेळण्याची. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये ही बंदी उचलून धरली. जाहिरात मुलांसाठी आहे का, हे तीन गोष्टींवरून ठरतं: वस्तू कोणती, मांडणी कशी आणि ती कुठे, केव्हा दाखवली. नेमकी इथेच फट राहते. तोच बर्गर 'सहकुटुंब या' म्हणत रात्रीच्या मालिकेत दाखवला, की मुलं बघतातच. वेष्टनावरची चित्रंही बहुतांशी सुटतात.

चिलीने 2016 मध्ये पदार्थच मोजायला घेतला. साखर, मीठ किंवा चरबी वरून घातलेल्या घन पदार्थात 100 ग्रॅममागे 275 किलोकॅलरी, 400 मिलिग्रॅम सोडियम, 10 ग्रॅम साखर, 4 ग्रॅम संपृक्त चरबी, या 2019 पासूनच्या मर्यादा. एक जरी ओलांडली, तर पाकिटावर इशाऱ्याचा काळा अष्टकोन. अशा पदार्थाची 14 वर्षांखालच्यांना जाहिरात नाही, सोबत खेळणं नाही, शाळेत विक्री नाही. न्याहारीच्या गोड सिरियलच्या खोक्यावरचा टोनी नावाचा कार्टून वाघ त्यामुळेच गेला. टीव्हीवर 2018 पासून सकाळी 6 ते रात्री 10 अशा जाहिराती बंद, कार्यक्रम कुणाचाही असो. उणीव एकच, पण मोठी: काउंटरवर बनवून दिलेल्या बर्गरवर अष्टकोन येत नाही.

तरी अंमलबजावणीच्या दृष्टीने चिली सरस. हेतू सिद्ध करत बसण्यापेक्षा सोडियम मोजणं सोपं. नैतिक भूमिका मात्र क्वेबेकचीच स्वच्छ: लहान मुलाला गिऱ्हाईक समजायचंच नाही, माल पौष्टिक असला तरी.