ब्रेल पाटी की पर्किन्स ब्रेलर?
पहिलीत जाणाऱ्या अंध मुलीसाठी काय घ्यावे, असे एका पालकांनी विचारले आहे. पाटी-स्टायलस (कागद अडकवायची खणांची पाटी व ठिपके टोचायची टोचणी) स्वस्त, दप्तरात मावणारी, बिघडण्यासारखे तिच्यात काही नाही. मात्र ठिपके कागदाच्या मागून टोचायचे असल्याने उजवीकडून डावीकडे उलटे लिहावे लागते. ‘इ’ सरळ टोचला, तर कागद पालटल्यावर तो ‘ए’ वाचला जातो, आणि सहा वर्षांच्या मुलीला हे खरेच जड जाते. ब्रेलर म्हणजे ब्रेल लिहिण्याचे टंकयंत्र; त्यावर सहा कळांनी अक्षर एकदम उमटते व तिथेच बोटाखाली येते, त्यामुळे चूक लगेच कळते. गणिताची उभी मांडणीही सोपी होते. किंमत मात्र हजारोंत, वजन साडेचार किलोंच्या वर. शाळेत ब्रेलर असल्यास सुरुवात त्यावरच व्हावी. प्रवासासाठी, पत्त्या-निरोपांच्या टिपणांसाठी किंवा बेताच्या खर्चात पाटी घ्यावी.