प्लाक दाखवणारं गुलाबी सोल्युशन, क्लिनिकमध्ये आठ महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगते, मी व्हेट आहे, क्लिनिक छोटंसं आहे आणि हे प्रॉडक्ट दात साफ करण्याचं नाहीच. कापसाच्या काडीने कुत्र्याच्या दातांना लावायचं, थोडं पाणी मारायचं, जिथे प्लाक (दातांवरचा मऊ, चिकट थर) असेल तिथे गडद गुलाबी रंग राहतो, बस. माणसांच्या डेंटिस्टकडे लहान मुलांना लावतात ना, तसलंच.

घेतलं का, तर वैतागून. वर्षानुवर्षं "दात घासा हो त्याचे" म्हणायचं, समोरचे मान हलवणार, नि पुढच्या लसीला तोंड उघडलं की तोच वास. फेब्रुवारीत पेट डेंटल मंथ असतो म्हणून पोस्टर लावायचो, डिस्काउंटही देऊन झाला, मार्च आला की सगळं थंड. लोकांची चूक म्हणावी तर तसंही नाही, कारण समोरचे दात पांढरेशुभ्र दिसतात आणि खरी घाण गालाच्या आत, वरच्या मोठ्या दाढेवर, तिथेच लाळग्रंथीची नळी उघडते त्यामुळे कीटण (प्लाक कडक होऊन बसलेला थर) आधी तिथे धरतं. आणि कुत्रं दुखत असलं तरी जेवतंच, मग घरच्यांना वाटतं सगळं ठीक आहे.

पहिल्या आठवड्यातच फरक दिसला. ओठ वर करून दाखवलं की लोक "हो का" म्हणतात, रंग लावून दाखवलं की वाकून बघतात आणि स्वतःहून मोबाइल काढतात. माझं दहा मिनिटांचं लेक्चर त्या एका फोटोत होतं, हे पचवायला मला जरा वेळ लागला.

आता तक्रारी. एक म्हणजे डाग. पहिल्याच महिन्यात एका पांढऱ्या पॉमेरेनियनची हनुवटी गुलाबी करून ठेवली, घरी लग्नाचे फोटो काढायचे होते म्हणे, ताई भयंकर चिडल्या आणि बरोबरच होतं त्यांचं. तेव्हापासून हनुवटीखाली टॉवेल आणि आधी विचारून मगच. दुसरं, मांजरांवर मी बंद केलं. फेस काढतात, पळतात, पुढच्या वेळी पिंजऱ्यातूनच बाहेर येत नाहीत. त्यांचा नुसता फोटो काढते, हिरडीची लाल रेघ त्यात व्यवस्थित दिसते.

आणि मुख्य मुद्दा, जो बाटलीवर कुठेच लिहिलेला नाही. तपकिरी दगडासारखं कीटण आधीच बसलंय तिथे हे लावूच नका. मी लावलं आणि फसले, मालकांना वाटलं रंग आहे तर ब्रशने जाईल, आणि दोन महिने बिचारे घासत बसले. प्लाक मऊ असतो तोवर ब्रशने निघतो, दोन-तीन दिवसांत तो कडक व्हायला लागतो, मग स्केलिंगच, म्हणजे यंत्राने खरवडून काढणं. तेही भूल देऊनच. "भूल न देता नाही का होणार?" हा प्रश्न मी रोज ऐकते. वरवर खरवडून दात पांढरे दिसतील हो, पण आजार हिरडीच्या खाली असतो, तिथे प्रोब (खुणा असलेली बारीक सळई) घालून दात आणि हिरडीमधल्या फटीची खोली मोजायची (कुत्र्यात ३ मिमीपर्यंत नॉर्मल, मांजरात साधारण अर्धा ते १ मिमी), एक्स-रे काढायचा, शेवटी पॉलिश करायचं, हे जागं जनावर करू देणार आहे का. शिवाय भूल दिली की श्वासनलिकेत ट्यूब असते म्हणून पाणी आणि घाण फुप्फुसात जात नाही. हिरडीच्या खालचं हे सोल्युशन काहीच सांगत नाही. त्यामुळे माझ्या मते हे फक्त तरुण, अजून न बिघडलेल्या तोंडांसाठी आहे.

नुसत्या रंगाने कोणी घासायला लागत नाही हेही कळलं. सातव्या दिवशी आमच्या रिसेप्शनवरची मुलगी फोन करते, सुरुवातीला निम्म्याहून जास्त लोकांनी ब्रश-पेस्टच्या किटचं पाकीटही फोडलेलं नव्हतं. मग काम कमी करून सांगायला लागलो. पहिला आठवडा बोटावरची पेस्ट फक्त चाटू द्या. जबडा उघडायची गरज नाही, ओठ वर करून बाहेरची बाजू घासली तरी चालेल, दोन्हीकडे अर्धा-अर्धा मिनिट. पेस्ट जनावरांचीच, ते थुंकत नाहीत, गिळतात, आणि माणसांच्या काही पेस्टमध्ये झायलिटॉल असतं, ते कुत्र्यांना विषारी आहे. च्यू (चघळायच्या कांड्या) द्यायचेच असतील तर व्हीओएचसीचा (जनावरांच्या दातांची उत्पादनं तपासणारी संस्था) शिक्का बघून घ्या, आणि नख दाबल्यावर खूण उमटत नसेल इतकं कडक काही देऊ नका, त्याच मोठ्या दाढेचा टवका उडालेला मी फार वेळा पाहिलाय.

सोल्युशनचा खरा उपयोग मला सहा आठवड्यांनंतरच्या फेरीत होतो, पुन्हा रंग लावायचा आणि जुना फोटो शेजारी धरायचा. लोक चक्क रिझल्टला आल्यासारखे येतात. एक काका त्यांच्या लॅब्रॅडॉरला घेऊन आले, रोज न चुकता घासतो म्हणाले, उजवी बाजू खरंच स्वच्छ आणि डावी अख्खी गुलाबी. दोन मिनिटं आम्ही दोघं बघतच बसलो, मग त्यांच्या लक्षात आलं की ते सोफ्यावर नेहमी एकाच बाजूला बसतात आणि कुत्रं उजवा गाल त्यांच्याकडे करून झोपतं. आता जागा बदललीये म्हणे, कुत्र्याला अजून पटलेलं नाही.